वाद्यदुरुस्ती, तुमचे प्रश्न : गिटारची चकाकी घालवायची आहे

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी मी वापरलेली ॲकूस्टिक गिटार घेतली. आवाज आवडला म्हणून घेतली, पण ती आरशासारखी चमकते. कार्यक्रमात दिवे पडले की समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर तिरीप जाते, आणि बोटाचा प्रत्येक ठसा उठून दिसतो. एका मित्रानं असंही सांगितलं की, जाड पॉलिशखाली लाकडाचा श्वास कोंडतो, ते काढलं की आवाज मोकळा होतो. म्हणून पाठीच्या बाजूला १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात केली. तळहाताएवढा भाग पांढुरका झाला, ओरखडे दिसायला लागले, तसा घाबरून थांबलो. आता सगळं पॉलिश एकदाच उतरवायचं, तर कुठलं केमिकल वापरू?

उत्तर : थांबलात हे फार चांगलं केलंत. केमिकल आणू नका, आणलं असेल तर उघडू नका. तुमचं काम त्याच्याशिवाय होण्यासारखं आहे, आणि पाठीवरचा तो डागही बहुतेक निघेल.

फिनिश आणि चकाकी आपण एकच धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो. फिनिश म्हणजे लाकडावर चढवलेला थर. चकाकी हा त्या थराच्या अगदी वरच्या पृष्ठभागाचा गुण. पृष्ठभाग गुळगुळीत असला की दिव्याचा प्रकाश एकाच दिशेनं परत फिरतो आणि डोळ्यांवर येतो. त्याच पृष्ठभागावर अतिशय बारीक, एकसारख्या रेघा पाडल्या की तोच प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि तेच फिनिश मॅट दिसू लागतं. यासाठी वरचे काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश, घासले जातात, बस. खालचा थर लाकडाचं रक्षण करायला जागच्या जागी राहतो. दिव्याची तिरीप आणि बोटांचे ठसे, तुमच्या या दोन्ही तक्रारी एवढ्यानं मिटतात.

मित्राच्या म्हणण्याबद्दल. तोडलेलं, वाळवलेलं लाकूड श्वास घेत नाही. ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यानुसार फुगतं आणि आकसतं. फिनिश ही ये-जा संथ करतं, आणि ते आपल्याला हवंच असतं. पण त्यांच्या बोलण्यात तथ्याचा एक भाग आहे, तो वजनाचा. हिशोब करून पाहा. ड्रेडनॉट आकाराच्या, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाच्या गिटारचा पुढचा भाग, म्हणजे टॉप, सुमारे १,५०० चौरस सेंटिमीटर धरू. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची २.८ मिलिमीटर जाडीची फळी असेल तर तिचं वजन साधारण १७५ ग्रॅम भरतं. त्यावर ०.१ मिलिमीटरचा थर असेल तर १५ ते २० ग्रॅमची भर पडते. तोच थर ०.४ मिलिमीटरचा असेल तर ७० ग्रॅमच्या आसपास. तारेची थरथर सॅडलमधून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीतून, ब्रिजला, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याला, आणि ब्रिजमधून या पातळ फळीला मिळते. तिच्या अंगावर तिच्याच वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओझं असेल तर ती दबून वाजणार, हे खरं आहे. मात्र चकाकी घालवताना टॉपवरून जे निघतं ते एक ग्रॅमही भरत नाही. त्यामुळे मॅट केल्यावर आवाज बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. आणि सगळा थर उतरवला, तरी उघड्या लाकडावर काहीतरी चढवावंच लागतं. आवाज मोकळा करायचा असेल तर आधी नव्या तारा घाला आणि सॅडल आपल्या खाचेत घट्ट, खालपर्यंत टेकलेलं आहे का ते पाहा. दबका आवाज घेऊन माझ्याकडे आलेल्या गिटारींपैकी कितीतरी एवढ्यावरच बोलत्या झाल्या आहेत.

आता तुमच्या गिटारवर नेमकं काय आहे ते ओळखा. खालच्या टोकाचं पट्ट्याचं बटण स्क्रूचं असेल तर ते काढलं की त्याच्याखाली नाण्यापेक्षा लहान जागा मिळते, ती पुन्हा झाकली जाते. कानातल्या काडीच्या कापसाला स्पिरिट लावून तिथे हलकं टेकवा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर दुसऱ्या काडीनं ॲसिटोनचा एक थेंब. तो भाग मऊ पडला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगासाठी हे लॅकर आलं आणि तिथून गिटारवर गेलं. ॲसिटोननंही काही झालं नाही तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. आजच्या बहुतेक कारखानी गिटारवर हेच असतं, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडेही हेच असावं. कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला, म्हणजे बाइंडिंगला, ॲसिटोन लागू देऊ नका, ती विरघळते.

गिटार जुनी असेल आणि मूळ नायट्रो फिनिश शाबूत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तिला हात लावू नये. अशा वाद्याची निम्मी ओळख त्या फिनिशमध्ये असते, एकदा गेली की परत येत नाही.

याहून महत्त्वाची तपासणी लाकडाची. साउंड होलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेवर टॉर्चचा उजेड पाडा आणि कापलेली कड निरखा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या, तर टॉप अखंड लाकडाचा आहे. कडेला एकावर एक थर दिसले, मधला थर वेगळ्या रंगाचा किंवा आडव्या रेषांचा असला, तर ते प्लाय आहे. पाठ आणि बाजू तर अनेकदा प्लायच्याच असतात, टॉप अखंड असला तरीही.

हे मी इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण माझी स्वतःची पहिली गिटार मी अशीच बिघडवली. एकोणीस वर्षांची होते. तुमच्यासारखंच मलाही वाटलं होतं की सगळं उतरवलं की आतलं सुंदर लाकूड बाहेर येईल. फिनिश जाड होतं, हातानं निघेना, म्हणून घासायचं मशीन मागून आणलं. पहिली दहा मिनिटं पांढरी भुकटी उडत होती आणि मला आनंद होत होता. मग खांद्याच्या वळणावर भुकटीचा रंग एकाएकी पिवळसर झाला. मला त्याचा अर्थ कळला नाही, मी मशीन आणखी दोनदा फिरवलं. फुंकर मारली तेव्हा सोनेरी, उभ्या रेषांच्या मधोमध बोटभर लांबीचा तपकिरी, आडव्या रेषांचा पट्टा दिसला. वरचं लाकूड संपलं होतं, मधला थर उघडा पडला होता. प्लायचा वरचा थर अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही पातळ असू शकतो, तेव्हा तिथे चुकीला जागाच नसते. ती गिटार आजही माझ्या टेबलासमोर टांगलेली आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी त्या पट्ट्यावरून बोट फिरवायला लावते.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : भुकटीचा रंग. फिनिशची भुकटी पांढरी, पिठासारखी असते. तिच्यात लाकडाचा रंग किंवा वास आला की हात जागेवर थांबला पाहिजे. तुमच्या गिटारवर रंगछटा असेल, कडेला गडद आणि मध्ये फिकट अशी सनबर्स्ट असेल, तर तो रंग बहुतेक वेळा फिनिशच्याच थरात असतो. तिथे भुकटी रंगीत आली म्हणजे सनबर्स्ट निघायला लागली असं समजा.

आता तुमच्या पाठीवरच्या डागाकडे. त्या जागेवर नॅप्थामध्ये, म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या पेट्रोलियमच्या द्रावणात, भिजवलेलं फडकं फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास कुठेही आग नसताना. ओलं असेपर्यंत ओरखडे दिसेनासे झाले आणि लाकूड आसपासच्या भागासारखंच दिसलं, तर १२० च्या कागदाचे ओरखडे फिनिशपुरतेच राहिले आहेत. तो भाग शेजारच्यापेक्षा गडद, भिजल्यासारखा दिसला, तर लाकूड उघडं पडलं आहे. मग पुढे काही करू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. ओरखडे फिनिशपुरतेच असतील तर ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं सुरुवात करा, कागद सपाट रबरी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खळगे पडतात. १२० च्या रेघा पुसल्या गेल्या की ४००, मग ६००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरच्या रेघा जाईपर्यंतच चालवायचा. घाई केलीत आणि खोल रेघ तशीच राहिली, तर मॅट झाल्यावर ती जास्तच उठून दिसेल. या टप्प्यावर नकाशावरच्या समोच्च रेषांसारखी कडी दिसली, तर एका थरातून दुसऱ्यात गेलात असं समजा. पॉलियुरेथेनचे थर एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून ती कडी दिसतात. तिथे आणखी खोल जाऊ नका.

मग उरलेली गिटार. तारा काढा. साधारण जाडीच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो, तेव्हा सगळ्या थोड्या थोड्या ढिल्या करत उतरवा. साउंड होलमध्ये जाड कागदाची चकती बसवा म्हणजे भुकटी आत जाणार नाही. ब्रिज, फ्रेटबोर्डची (तारांखालच्या, बोटं दाबायच्या लांब पट्टीची) कड, पिकगार्ड (साउंड होलजवळचा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा) आणि साउंड होलभोवतीची नक्षी मास्किंग टेपनं झाका. जुन्या नायट्रोवर टेप फार वेळ ठेवू नका, काढताना फिनिश सोबत येतं. आधी ओल्या फडक्यानं आणि मग नॅप्थानं सगळं अंग पुसून घ्या. आधीचा मालक मेणाचं किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावत असेल तर घासायचं पॅड त्यावर नुसतं घसरत राहतं आणि मग डागडाग दिसतं.

घासायला मी राखाडी रंगाचं, घासणीसारखं सिंथेटिक पॅड वापरते. चार शून्यांचं, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूलही चालतं. पण त्याचे लोखंडी कण उडतात, पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाच्या, चुंबकाला चिकटतात आणि आतल्या वायरिंगमध्ये शिरतात. पिकअप असलेल्या गिटारला मी ते लावत नाही. पॅडचा दोन बोटं रुंदीचा तुकडा कापा, हलक्या हातानं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढा. गोल गोल मुळीच नको. घरच्या उजेडात ते गोल दिसत नाहीत, स्टेजवरच्या दिव्याखाली सगळे दिसतात. आठ-दहा वेळा ओढलं की फडक्यानं पुसा आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून बघा. चकाकीचे ठिपके राहिलेले दिसतील, ते फिनिशमधले बारीक खळगे असतात. ते घालवण्यासाठी दाबून घासू नका, आणखी दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक जातात.

कडांवर जोर अजिबात नको. सपाट भागावर हाताचा दाब पसरतो, कडेवर एका रेषेत गोळा होतो, आणि फिनिश सर्वांत आधी तिथे फाटतं. ब्रिजच्या आसपास पॅड पोचत नाही. तिथे आइसक्रीमच्या काडीला पॅडचा तुकडा चिकटवून काम करा. आणि टॉपवर दाबू नका हे वेगळं सांगते, कारण आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्टीवर टॉप ताठ असतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये लवतो. दाबून घासलं की पट्टीच्या वरचा भाग जास्त झिजतो, आणि आतल्या पट्ट्यांचा सांगाडा बाहेर फिकट उमटलेला दिसतो. मी असे टॉप पाहिले आहेत.

टॉपला आणि पाठीला मिळून दोन तास धरा. थकलात तर उद्या करा.

केमिकलचा प्रश्न तुम्ही विचारलाच आहे, तर तेही सांगते. जुन्या पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असायचं, काही ठिकाणी अजूनही असतं. त्याची वाफ शरीरात गेली की तिचं कार्बन मोनॉक्साइड होतं. बंद खोलीत काम करणारी माणसं त्यानं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी ते सामान्य ग्राहकांना विकायला बंदी आली, ती उगाच नव्हे. आणि माणसाचं सोडा, गिटारचं काय होतं? रिमूव्हर बाइंडिंग वितळवतो, नक्षीत शिरतो, सांध्यांत झिरपतो. हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, ब्रिजचा आणि आतल्या पट्ट्यांचा गोंद सैल पडतो. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारवर चालणारी युक्ती पोकळ, पातळ ॲकूस्टिकवर चालत नाही. नायट्रो फिनिशला तर आग जवळ आणायचीच नाही, ते पेटतं. पूर्ण फिनिश उतरवायची खरोखर वेळ आली, फिनिश तडकून पोपडे निघत असतील, तर ते हातानं, पोलादी स्क्रेपरनं उतरवायचं काम असतं, आणि ते अनुभवी कारागिराकडेच द्या.

मॅट झालेल्या गिटारवर नंतर मेणाचं किंवा चमक आणणारं पॉलिश लावू नका. किंचित ओलं फडकं, मग कोरडं, एवढंच.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. माझ्या गिटारची बॉडी चकचकीत आहे ती मला आवडते, पण नेक, म्हणजे गिटारची मान, तीसुद्धा तशीच आहे आणि वाजवताना अंगठा अडकतो. दादा म्हणतो भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं घास. घासू का?

उत्तर : दादाची कल्पना बरोबर आहे, वस्तू चुकीची आहे. हिरवी घासणी फार खरखरीत असते, तिच्या रेघा अंगठ्याला लागतील. राखाडी किंवा पांढरं पॅड आण.

पण त्याआधी एक कर. नेकची मागची बाजू किंचित ओल्या मऊ फडक्यानं नीट पूस, लगेच कोरडी कर आणि दोन दिवस वाजव. घाम आणि तेल वाळून बसलेलं असतं, पुष्कळदा अंगठा त्यालाच अडकत असतो. दोन दिवसांनीही अडकला तर पुढचं.

तारा काढ. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना टेप लाव. हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचा भाग, जिथे सुरू होतो तिथे आणि खाली नेक बॉडीला मिळते त्या जाड भागाच्या वर एकेक आडवी टेप लाव. या दोन टेपांमधला भागच मॅट करायचा. टेपची रेषा सरळ असली की काम झाल्यावर ते मुद्दाम केलेलं, नीटस दिसतं. गिटार मांडीवर उलटी ठेव, पॅड तळहातात धरून नेकला विळखा घाल आणि एका टेपपासून दुसऱ्या टेपपर्यंत लांब ओढ. मध्येच थांबून मागेपुढे करू नकोस, थांबलेल्या जागी पट्टा दिसतो. वीस-पंचवीस वेळा ओढलंस की अंगठा फिरवून बघ. कागदावरून फिरल्यासारखा, न अडकता सरकला की झालं.

वाजवून वाजवून वर्ष-दोन वर्षांत तिथे पुन्हा चमक येईल, कारण हातच तो भाग घासून गुळगुळीत करतो. तेव्हा पाच मिनिटं पॅड फिरव. फिनिश जाड असतं, इतक्यानं संपत नाही.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. माझी गिटार मुळात मॅट होती. आता जिथे उजवा हात टेकतो तिथे चकचकीत गोल पट्टा आला आहे. पॉलिश लावून सगळीच चकचकीत करावी का?

उत्तर : पॉलिश लावून सगळी एकसारखी चमकणार नाही. मॅट फिनिशच्या बारीक खड्ड्यांत पॉलिश साचतं आणि पांढरट ठिपके दिसतात. तो पट्टा नॅप्थानं पुसा आणि राखाडी पॅडनं रेषांच्या दिशेनं, पट्ट्याच्या हद्दीबाहेर थोडं जाऊन, चार-पाच वेळा ओढा. हळूहळू आसपासच्या रंगाला येईल. यापुढे बाही खाली करून वाजवा किंवा हाताखाली सुती फडकं ठेवा.

प्रश्न : क्लासिकल गिटारवर फ्रेंच पॉलिश आहे. तीही अशीच मॅट करता येईल?

उत्तर : करता येते, पण मी करू नका म्हणेन. लाखेचा तो थर अतिशय पातळ असतो, आणि तो पातळ राहावा म्हणूनच कारागीर दिवसचे दिवस कापडाच्या पुरचुंडीनं तो चढवत असतो. तिथे पॅडच्या पाच फेऱ्याही जास्त होतात. तिरीप फार त्रास देत असेल तर स्टेजवरचा दिवा थोडा बाजूला घ्यायला सांगा. आणि स्पिरिट असलेलं कुठलंही क्लीनर तिच्या जवळ नेऊ नका, हाताला लावलेलं सॅनिटायझरसुद्धा पूर्ण वाळल्याशिवाय गिटार उचलू नका. गेल्याच महिन्यात एक गिटार माझ्याकडे आली, टॉपवर चार बोटांचे ठसे लाखेत रुतलेले. नव्यानं लाख चढवून ते भरायला मला तीन आठवडे लागले.